वीस फुटांची उडी



उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्यातील व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो : मुलांना घेऊन कोठे जायचे? दुकान चार दिवसांहून अधिक बंद ठेवता येत नाही, लग्नसराई ऐन भरात असते, आणि महाबळेश्वरच्या गर्दीला सारेच कंटाळलेले असतात. आमच्याकडे यंदा हा प्रश्न माझ्या नातीने सोडवला. शाळेच्या पुस्तकात तिने महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचे, शेकरूचे चित्र पाहिले होते. "आजोबा, मला खरं शेकरू बघायचं आहे, चित्रातलं नको," असे तिने जाहीर केले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही भीमाशंकरला निघालो. शेकरू दिसले. त्याबरोबरच, केव्हाच बंद झाले असे मी समजत होतो असे माझे एक जुने खातेही तेथे पुन्हा उघडले. या महिन्याच्या लेखात त्या दोहोंविषयी लिहितो.

पुण्याहून भीमाशंकरला जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक राजगुरुनगरवरून वाड्याच्या अंगाने जाते, दुसरी मंचर, घोडेगाव, डिंभे अशी. कोणतीही धरली तरी अंतर ११० ते १२५ किलोमीटर भरते. आम्ही दुसरी धरली, कारण बँकेच्या नोकरीतील काही वर्षे मी याच भागात काढली आहेत. मंचरपर्यंत ऊस, कांदा आणि बटाट्याची शेते सोबत करतात. घोडेगाव मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात. एप्रिलात ते भाजलेल्या विटेच्या रंगाचे असतात. डिंभे धरणाचा जलाशय उजळत राहतो, भाताची रिकामी खाचरे पायऱ्यांसारखी वर चढत जातात, आणि मग शेवटच्या चढावर अकस्मात हिरवा अंधार सुरू होतो. ऐन उन्हाळ्यात, चहूकडे गवत जळून गेलेले असताना, हे रान हिरवे कसे राहते? नातीने विचारण्याआधी हा प्रश्न मीही कधी नीट विचारला नव्हता.

सह्याद्रीचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. भूगर्भातून रस येत राहिला, थरावर थर बसत गेले आणि त्यांचेच आजचे कातळकडे झाले. भीमाशंकर या रांगेच्या अगदी पश्चिम कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. पूर्वेकडून आपण हळूहळू चढत येतो, पण पश्चिमेस जमीन एकदम तुटते. नागफणीच्या टोकावर उभे राहिले की पायांखाली सरळ कोकण दिसते; खाली कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून शिडी घाटाने आणि गणेश घाटाने धडधाकट मंडळी आजही पायी वर येतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडतात. म्हणून येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुणे शहराच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्साही जेमतेम येतो. मात्र हा सारा जमाखर्च चार महिन्यांचा आहे. उरलेले आठ महिने जमा काहीच नाही, केवळ खर्च. अशा आठ महिन्यांत रान जगते ते झाडांनी पाणी धरून ठेवल्यामुळे. अंजन, जांभूळ, आंबा, पिसा, हिरडा यांचे शेंडे एकमेकांत गुंतून सलग छत्र तयार होते. त्याखाली पालापाचोळ्याचा कुजून मऊ झालेला थर असतो. पाऊस पानांवर फुटतो, थेंब होऊन खाली झिरपतो, थरात मुरतो आणि मग महिनोन्‌महिने झऱ्यांतून थोडा थोडा बाहेर येतो.

याच झिरपण्यातून भीमा नदी निघते. येथून सुमारे ८६० किलोमीटर वाहत, पंढरपुरास चंद्रभागा हे नाव घेत, ती कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते. घोड नदी याच परिसरात उगम पावते. दक्षिणेकडच्या शेजारच्या डोंगरांतून भामा निघते, आणि भामा-आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागात, वडगाव शेरी, खराडीकडे नळाने येते. आपल्यापैकी कित्येकांची नवी घरे आज त्या भागात आहेत. सकाळी तेथे नळ सोडणाऱ्याच्या हातावर जे पाणी पडते, ते अशाच एखाद्या डोंगरावरील पानावर पहिल्यांदा पडलेले असते.

आम्ही पहाटे साडेपाचला रानाच्या कडेला पोहोचलो होतो. बरोबर जवळच्या वाडीतील एक महादेव कोळी समाजाचे गृहस्थ वाटाड्या म्हणून होते. वय साठीच्या पुढे, म्हणजे माझ्याच बरोबरीचे. मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि नातही त्यांना मामाच म्हणू लागली. प्रथम कानावर आली ती शीळ. एखादा पोरगा आळसावून, सूर शोधत शीळ घालतो तशी. "हा शीळकरी कस्तूर," मामा म्हणाले. "गडी दिसायचा नाही, ऐकून घ्या." मग बराच वेळ काही नाही. आणि मग डोक्यावर, फार उंच, फांद्या खडखडल्या.

शेकरू म्हणजे आपल्या अंगणातल्या खारीचीच थोरली बहीण, असे समजून गेलेल्या माणसाला पहिल्या दर्शनात धक्का बसतो. नाकापासून पाठीच्या शेवटापर्यंत हातभर शरीर, त्याहून लांब झुबकेदार शेपटी, दीड-दोन किलो वजन. पाठ विटकरी-तांबूस, पोट दुधाळ, शेपटीचे टोक फिकट. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून ते उलटे लोंबकळले आणि पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून निवांत खाऊ लागले. नात श्वास रोखून पाहत होती. फळे, फुले, बिया, कोवळी साल हा त्याचा आहार. त्याची घरटी काटक्या आणि पानांचे मोठे गोळे असतात, आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात : काही झोपण्याची, काही पिलांसाठी. ती बांधली जातात उंच, बारीक फांद्यांच्या टोकाशी, जेथे एका झाडाचे हात दुसऱ्याच्या हातात असतात. जड शत्रूला तेथपर्यंत येता येत नाही आणि धोका दिसताच शेजारच्या झाडावर निसटता येते.

या प्राण्याच्या इतिहासात पुणेकरांना आवडेल असा एक दुवा आहे. पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यास नेमले. पिके, बाजारभाव, लोकसंख्या यांची कोष्टके भरता भरता हा गृहस्थ पक्षी आणि प्राणीही नोंदवू लागला. सह्याद्रीतील या शेकरूचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये प्रसिद्ध केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले. आकडेमोड करणाऱ्या माणसालाही वर मान करून पाहता येते, हे मला निवृत्तीनंतर कळले. सायक्सला ते नोकरीतच कळले होते.

"आजोबा, ते खाली का येत नाही?" नातीने विचारले. मामांनी उत्तर दिले, "खाली त्याचं काय आहे, बाई? वर घर, वर दुकान, वर रस्ता." खरेच, शेकरूचे सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. जमिनीवर ते क्वचितच आणि नाइलाजानेच उतरते. तेथे बिबट्या असतो, कोल्हा असतो, आणि आता वस्तीची कुत्रीही असतात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ते सहा मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस फूट झेप घेते. त्याच्या जगाचे मोजमापच हे आहे. वीस फुटांच्या आत दुसरी फांदी असेल तर रान सलग आहे. त्याहून अधिक अंतर असेल तर रान तेथे संपले, मग पलीकडे कितीही झाडे असोत.

ऊन वर आले तसे आम्ही गाड्या उभ्या करण्याच्या जागेकडे परतलो. तेथे माकडांची टोळी बसली होती आणि एका गाडीतून बिस्किटांचे पुडे फेकले जात होते. फेकणारे कुटुंब सज्जन होते, बहुधा आपल्यासारखेच. मुक्या जिवाला काही घालावे ही आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे, आणि नातीनेही पिशवीतून पुडा काढला होता. मामांनी तिचा हात हलकेच धरला. "नको. याला रानात जायची सवय मोडंल." जीवदया या शब्दावर ज्यांचे आयुष्य उभे आहे त्या आपण सर्वांनी या वाक्यावर थांबून विचार करावा, असे मला वाटते. रानातील माकड दिवसभर फळे शोधत हिंडते, खाल्लेल्या बिया दूरवर टाकते, आणि त्यातून नवी झाडे उगवतात. बिस्किटाची सवय लागली की ते रस्त्यावर येऊन बसते. मग ते पिशव्या ओढते, मुलांना ओरबाडते, चाकाखाली सापडते. शेवटी त्यालाच उपद्रवी ठरवून कोणी काठी उगारतो. पहिला पुडा फेकणारा तोवर घरी पोहोचलेला असतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इटलीत रोमच्या पूर्वेस, अपेनाइन पर्वतांत अब्रुत्सो राष्ट्रीय उद्यान आहे. भूमध्य सागराच्या त्या प्रदेशात पावसाचे गणित आपल्या उलट : हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा. तेथील बीच वृक्षांच्या अरण्यांत मार्सिकन तपकिरी अस्वल राहते. ते जगात अन्यत्र कोठेही नाही, आणि त्यांची संख्या आज केवळ पन्नास-साठ आहे. त्यांपैकी एक तरुण अस्वल माणसांच्या वस्तीतील अन्नाला सोकावले. लोकांनी त्याला लाडाने हुआन कार्रितो हे नाव दिले होते. ते रस्त्यांवर निर्धास्त फिरे; रोक्कारासो नावाच्या गावात एका बेकरीत शिरून त्याने बिस्किटे फस्त केली, तेव्हा त्याचे कौतुकाने चित्रीकरण झाले. अधिकाऱ्यांनी त्याला पकडून दूर डोंगरात नेऊन सोडले, तर ते परत आले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच भागातील रस्त्यावर मोटारीच्या धडकेने ते मेले. साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. जेथे एकेका अस्वलाची मोजदाद होते, तेथे हे नुकसान कोणत्या दराने मोजावे?

दुपारी मामांच्या अंगणात बसलो. कारवीच्या काठ्या विणून शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, समोर चटईवर वाळत घातलेला बाळहिरडा. कारवीचे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग डोंगरउतार जांभळे होऊन जातात. पण या घरांचा वर्षभराचा रोकड आधार हिरडा आहे. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी फळे काढायची, उन्हात काळी होईतो वाळवायची आणि तोलून विकायची. पेठांतील काष्ठौषधींच्या दुकानांत, आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलोपार्जित पेढ्यांत, हा माल पिढ्यान्‌पिढ्या येतो. त्रिफळ्यातील तीन फळांपैकी हे एक. मध्ययुगात अरब व्यापाऱ्यांमार्फत हिरडा भूमध्य सागरावरील बंदरांत औषध म्हणून पोहोचत असे. इंग्रजी अमलात तो कातडी कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी जहाजे भरभरून विलायतेस जाई. तेथील बाजारात त्याची एक प्रत वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखली जात होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यावरून गेले, तेव्हा आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरांतील हिरड्याची असंख्य झाडे मोडली, आणि नुकसानभरपाईसाठी आदिवासी कुटुंबांना आवाज उठवावा लागला. एका झाडाबरोबर त्या घराच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाचे साधन जाते. माझ्या काळात बँकेच्या तारणाच्या यादीत हिरड्याचे झाड कोठेही बसत नसे.

ही माणसे रान राखतात असे मी म्हणालो तर मामा हसले. "आम्ही कसलं राखतो? देवाचं आहे. देवाच्या रानातली काडी घरी आणायची नाही, एवढंच." देवराईची ही चाल सह्याद्रीत सर्वत्र आहे, पुण्याचेच डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात तिचा अभ्यास करून जगासमोर आणली. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत पसरलेले सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य कायद्याने जाहीर झाले ते १९८५ मध्ये. त्याआधी शतकानुशतके या रानातील राखलेल्या तुकड्यांना कायदा ठाऊक नव्हता, केवळ संकोच ठाऊक होता.

मामांनी रात्री थांबण्याचा आग्रह केला. रोहिणी निघून पहिला वळीव पडला की या झाडांवर काजव्यांची दिवाळी असते. काजव्याची अळी वर्षातील बहुतेक काळ जमिनीत, ओलाव्यात, गोगलगाई खाऊन वाढते. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तो प्रकाश मादीला केलेली हाक आहे आणि मादी पुष्कळदा खाली गवतात बसलेली असते. पुण्या-मुंबईहून रात्री गाड्यांचे ताफे येतात. दिव्यांच्या झोतात ती हाक पुसली जाते आणि अंधारात कडेला उतरणारी पावले नेमकी त्या गवतावर पडतात. पावसाळा लागला की आणखी एक नवल दिसते : कुजणाऱ्या ओल्या लाकडावरची बुरशी रात्री फिकट हिरव्या प्रकाशाने उजळते. पावसात पावलागणिक जीव असतो म्हणूनच आपले साधुसाध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आपण मात्र नेमका तोच काळ सहलीसाठी निवडतो.

आम्ही थांबलो नाही. परतीच्या वाटेवर मामा घाटाखालच्या फाट्यापर्यंत गाडीत बसून आले. अभयारण्याची हद्द ओलांडल्यावर एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. "पोरीला अजून एक दावतो." उजवीकडे उतारावरचे रान होते. त्याच्या अगदी कडेच्या जांभळीवर एक शेकरू आले. फांदीच्या टोकाशी येऊन त्याने मान पुढे केली, शेपटी सावरली, पुन्हा मागे सरले, पुन्हा पुढे आले. रस्ता आणि रस्त्याला लागून एका हॉटेलचे रुंद, फरसबंद आवार एवढे अंतर समोर होते. पलीकडे पुन्हा झाडे. तीनदा असे झाले. मग ते वळले आणि आले तसे परत गेले.

"पूर्वी हितून पलीकडं जात होतं," मामा म्हणाले. "झाडं वर मिळालेली होती, रस्त्यावर मांडव असायचा. हे हॉटेल झालं तवापासून इकडचं इकडं आणि तिकडचं तिकडं."

ते हॉटेल मी ओळखले. वाचकहो, त्या हॉटेलचे मुदत कर्ज माझ्या सहीने मंजूर झाले होते.

वर्षे लोटली, पण कागद मला आठवतो. खासगी मालकीची जमीन, सर्व परवानग्या रीतसर, प्रवर्तक होतकरू आणि शब्दाचा पक्का. मी जागेची पाहणी केली तेव्हा रस्त्यावर खरोखरच झाडांचा मांडव होता, आणि गाडीतून उतरताना गार वाटले होते. बस उभ्या राहाव्यात म्हणून दर्शनी भागातील अकरा झाडे काढावी लागतील, असे प्रवर्तकाने सांगितले. मी ते टिपणात लिहिलेही नाही, कारण टिपणात त्यासाठी रकानाच नव्हता. जागेची किंमत, मार्जिन, अपेक्षित उत्पन्न, परतफेडीची क्षमता यांसाठी रकाने होते. "स्थळ व्यवसायास अनुकूल" असा शेरा मारून मी सही केली. कर्ज वेळेवर फिटले, एकही हप्ता थकला नाही. वरिष्ठांनी ते खाते आदर्श म्हणून दाखवले आणि मला त्याचा अभिमान वाटत असे. बेकायदेशीर कोणीच काही केले नव्हते. तरीही जे तुटले ते माझ्या डोळ्यांसमोर तीनदा मागे फिरले होते.

"मग दोन्हीकडची शेकरं एकमेकांना भेटत नाहीत?" नातीने विचारले. मामांनी मान हलवली. प्राणिशास्त्राचा मोठा सिद्धांत त्या प्रश्नात आहे. रानाचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्यातील प्राण्यांची संख्या थोडी राहते, जोडीदार तेच ते मिळतात, फळांचा एक हंगाम हुकला तर दुसरीकडे जाता येत नाही. असा तुकडा बाहेरून हिरवाच दिसतो, पण आतून ओस पडत जातो. आणि झाडांच्या मुळांबाबतही हेच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. कारण एक नव्हते. अतिवृष्टी होती, उताराची माती होती, आणि डोंगरउतारांचे सपाटीकरण व झाडांची तोड यांचीही चर्चा तेव्हा झाली. त्या घटनेनंतर तरी उतारावरचे प्रत्येक झाड तोडताना आपला हात क्षणभर अडायला हवा होता.

हे सारे आपल्या मासिकात लिहिण्याचे कारण असे की, या डोंगरांत आज जो पैसा येतो आहे तो बराचसा तुमच्या-आमच्या घरांतून येतो. फार्म हाऊसचा भूखंड, रिसॉर्टमधील भागीदारी, घाटरस्त्यावरचे उपाहारगृह यांचे प्रस्ताव आपल्या बैठकींत येतात. व्यापार करू नये असे मी म्हणणार नाही. ते माझ्या तोंडी शोभणारही नाही. पण व्यवहार ठरवताना सातबारा, रस्ता, पाणी आणि वीज पाहतो, तशीच एक नजर वर टाकावी. येथे झाडांचे छत्र सलग आहे काय? बांधकाम मागे सरकवून रस्त्यालगतची रांग राखता येईल काय? तोडावेच लागले तर दोन शेंड्यांतील अंतर वीस फुटांच्या आत राहील काय? जेथे अंतर पडलेच आहे तेथे झाडांवरून दोराचे पूल बांधण्याची युक्ती अनेक देशांत वापरली जाते आणि झाडावर राहणारे प्राणी ते वापरतात. काजव्यांच्या दिवसांत आवारातील दिवे मंद ठेवणे, कचऱ्याच्या पेटीला घट्ट झाकण लावणे, यास तर खर्चही नाही. ज्यांची पेढी काष्ठौषधींची आहे त्यांनी हिरडा खरेदी करताना वजन आणि दर चोख ठेवला, तर ते झाड उभे राखण्याचे कारण त्या घराला मिळते. आणि आपण प्रवासी म्हणून जाऊ तेव्हा बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहू द्यावा. जीवदयेला डोळस ज्ञानाची जोड नसेल तर आपल्याच हातून जीवहानी होते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा एकदा त्या वळणावर गेलो. हॉटेल आता मूळ प्रवर्तकाच्या मुलाकडे आहे. मी कोण, हे सांगितले, चहा आला. जे पाहिले ते सांगितले आणि आवाराच्या दोन्ही कडांना, रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे, जांभूळ आणि आंब्याची झाडे लावू द्यावीत अशी विनंती केली. तो काही वेळ बोलला नाही. मग बाहेर येऊन त्याने पावलांनी अंतर मोजले. बस वळवायला जागा लागते, हे त्याचे म्हणणे खरे होते. शेवटी डाव्या बाजूचा कोपरा त्याने मोकळा करून दिला. उजवीकडचा पाहू म्हणाला. रोपे मामा त्याच रानातल्या बियांपासून तयार करणार आहेत, दोन उन्हाळ्यांचे पाणी आणि कुंपण यांचा खर्च माझा. पहिला पाऊस पडला की खड्डे घ्यायचे आहेत.

झाड वाढून शेंडा शेंड्याला लागायला वीस-पंचवीस वर्षे जातील. मी आज सदुसष्ट वर्षांचा आहे. बँकेत असताना इतक्या दीर्घ मुदतीचे कर्ज मी कधी मंजूर केले नसते. नातीला मात्र मुदतीची चिंता नाही. तिने वहीत त्या वळणाचे चित्र काढले आहे : रस्ता, हॉटेल, दोन्हीकडे झाडे, आणि मधल्या हवेत शेपटी ताठ केलेले एक विटकरी शेकरू. उजवीकडच्या कोपऱ्याचे काय ठरते ते पावसाळ्यानंतर कळवीन.